खुरपे न पोचलेला कोपरा

पाहुणे परवा येणार होते आणि सातव्या वाफ्यात तण माजले होते. निंदणीला येणाऱ्या बायकांपैकी दोघी तापाने अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा केंद्रप्रमुख बाईंनी गवत-संशोधन केंद्रातल्या सर्वांना फर्मान सोडले, की ज्यांना ज्यांना गुडघे आहेत त्यांनी वाफ्यात उतरावे. बाईंच्या फर्मानाला उत्तर देण्याची पद्धत केंद्रात नव्हती. उठायचे आणि कामाला लागायचे, एवढीच पद्धत होती.

म्हणून केंद्राची संख्याशास्त्रज्ञ, जिला सगळे काहीशा कौतुकाने आणि काहीशा खोचकपणाने 'आकडेबाई' म्हणत, संगणक बंद करून, बाह्या सरसावून, खुरपे हाती घेऊन सातव्या वाफ्यात बसली. आकडेबाई बाईंची सूनही होती. पण ते नाते फाटकाबाहेरचे. फाटकाच्या आत 'बाई' आणि बाहेर 'आई', असा दंडक लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाईंनी घालून दिला होता, आणि आकडेबाईने तो आजवर मोडला नव्हता.

केंद्राच्या इमारतीमागे जमीन हळूहळू उतरत ओढ्यापर्यंत जाते. त्या उतारावर खोलीएवढे चौकोनी वाफे आखलेले होते. काही वाफ्यांत एकाच जातीचे गवत, काहींत दोन जाती, काहींत चार, आठ, आणि काहींत सोळा जातींची गवते आणि रानफुले एकत्र नांदत होती. हाच आराखडा, याच मापाचे वाफे आणि कामाची हीच रीत अकरा देशांत चालू होती, कारण अकराही देशांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. जमिनीवर जितक्या अधिक जाती, तितकी ती माणसाच्या अधिक उपयोगी पडते का. मधमाश्या पोसते का, चारा देते का, पावसाचे पाणी वाहू न देता पोटात घेते का. दहा देशांच्या वाफ्यांनी तिन्ही बाबतींत 'हो' म्हटले होते. बाईंच्या वाफ्यांनी मधमाश्यांबाबत 'हो' म्हटले, चाऱ्याबाबत 'हो' म्हटले, आणि पाण्याबाबत ठाम नकार दिला. इथला एकजाती वाफा सोळाजाती वाफ्याइतक्याच झपाट्याने पाणी पीत असे. इथेच सगळ्यांचे घोडे पेंड खात होते.

परवा येणारे पाहुणे हेच पाहायला येत होते. बाईंच्या कामात दोष सापडला, तर पंधरा वर्षांची पाण्याची मोजमापे संयुक्त अहवालातून वगळायची. दोष सापडला नाही, तर अहवालातले मुख्य वाक्यच बदलायचे आणि लिहायचे, की पाणी मुरवायला एका जातीचे गवतही पुरते. उघड्या पडलेल्या टेकड्यांवर काय लावायचे हे ठरवणारी मंडळी त्या एका वाक्याची वाट पाहत थांबली होती. बाईंनी अकरा देशांच्या कामाच्या समन्वयक बाईला उलट कळवले होते की आमची माती खोटे बोलत नाही, या आणि बघा.

"आकडेबाई, किती उपटले ते मोजू नका, नुसते उपटा," निंदणीच्या बायकांची मुकादमीण पलीकडच्या वाफ्यातून म्हणाली, आणि तिथे खसखस पिकली.

आकडेबाई उपटत होती. खुरप्याचे टोक मातीत खुपसायचे, मुळाभोवतीची माती सैल करायची आणि तण मुळासकट वर काढायचे, हा बाईंचा नियम. वरवर कापणे म्हणजे बैठकीतला केर काढून माजघर तसेच ठेवणे, असे त्या म्हणत. अर्ध्या वाफ्यापर्यंत पोचेतो तिची टोपली दोनदा भरली. एकाच जातीचे गवत, त्याच्या झुबक्यांमधली जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत आगंतुकांची ही दाटी. मागे वळून पाहिले, तर हातभर जमीन अशी उरली नव्हती जिथे तिच्या खुरप्याने माती उकरली नव्हती.

मग ती शेजारच्या सोळाजाती वाफ्यात गेली. तिथे उंच गवताखाली बुटके गवत, त्याखाली जमिनीलगत पसरलेली तिपानी वेल, आणि त्या गर्दीत तणाला डोके वर काढायला वावच नव्हता. कष्टाने शोधून दोनचार रोपटी सापडली. खुरपे जवळजवळ कोरडेच राहिले.

परत येताना तिचे पाऊल सातव्या वाफ्याच्या कडेला पडले आणि टाच मऊ मातीत रुतली. पेरणीसाठी भुसभुशीत केलेल्या वाफ्यासारखी माती. आकडेबाई तशीच उभी राहिली.

पाणी गवत मुरवत नव्हते. खुरपे मुरवत होते.

संयुक्त पद्धतीत काय लिहिले आहे ते तिला पाठ होते. तण जमिनीलगत कात्रीने कापावे, मूळ मातीतच ठेवावे, माती हलवू नये. त्यासाठी अकराही केंद्रांना सारख्या, लांब पात्यांच्या कात्र्या पाठवल्या गेल्या होत्या. इथे त्या कोठीत, खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेल्या पडून होत्या. एक तेवढी घरी गेली होती आणि कित्येक वर्षे दुधाच्या पिशव्या कापत होती. पद्धतीत काय आहे हे आकडेबाईला ठाऊक होते, इथे काय चालते हेही ठाऊक होते. पण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे तिच्या मनात कधी आले नव्हते. मुळासकट काढणे हे कापण्यापेक्षा चोख काम, आणि चोख कामात वावगे ते काय असणार, असे बाईंना वाटले होते. आणि बाईंना जे वाटे तेच केंद्राला आणि घरादाराला वाटत आले होते. तिचे आकडे बिनचूक होते. ज्या मातीतून ते आले त्या मातीला तिने हात लावला तो आज.

पडताळा पाहायला एकच जागा होती. सातव्या वाफ्याच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक बसवलेला होता आणि कुत्र्यामांजरांनी तो पाडू नये म्हणून त्याभोवती तारेचा पिंजरा होता, लहानशा टेबलाएवढा. गवत तेच, ऊन तेच, पाऊस तोच. फक्त तारेमुळे तिथे खुरपे पोचत नसे; तिथले तण तेवढे तारेतून बोटे घालून वरवर खुडले जाई. पिंजऱ्याचे झाकण वर उचलून तिथल्या मातीत एक लोखंडी कडे ठोकावे, त्यात पाणी ओतावे आणि ते किती वेळात जिरते ते पाहावे, की खरेखोटे कळले असते. पण बाईंची सक्त ताकीद होती, की पाहुणे येईपर्यंत एकाही वाफ्यात कडे ठोकायचे नाही. आधी तालीम केल्याचा आळ केंद्रावर यायला नको. कडी बाईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला.

त्या दिवशी तिने दोनदा बाईंना गाठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा बाई पाहुण्यांच्या खोलीतल्या गाद्यांवरून कोणाची तरी कानउघाडणी करत होत्या. दुसऱ्यांदा वाफ्यांचे क्रमांक रंगवणाऱ्याला नऊ आणि सहा यांतला फरक समजावत होत्या. दोन्ही वेळा तिला हाताने बाजूला सारले गेले.

राहिले घर. पण घरी न्याहारीच्या टेबलावर वाफ्यांचा विषय काढायचा नाही, असा नियम होता. आकडेबाईचे सासरे हयात असताना बाईंना घातलेली त्यांची ती एकुलती एक अट. आणि ते गेल्यावर बाईंनी ती अधिकच कडक केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप भरले गेले, पाव भाजले गेले. तिचा नवरा, जो दातांचा डॉक्टर होता आणि घरात शक्यतो तोंड उघडत नसे, दुधाची पिशवी कापायला कात्री शोधत होता.

"बाई," आकडेबाई म्हणाली.

नवऱ्याची कात्री हवेतच थांबली. बाईंनी कप बशीत ठेवला.

"घरात आई म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या.

"मला बाईंशीच बोलायचं आहे."

आणि तिने सगळे सांगितले. सातवा वाफा, दोन टोपल्या, कोरडे राहिलेले खुरपे, मातीत रुतलेली टाच. पेरणीच्या वाफ्यासारखी भुसभुशीत झालीय माती, ती म्हणाली. जिथे जाती कमी तिथे तण जास्त, जिथे तण जास्त तिथे खुरपणी जास्त, आणि म्हणून पाणी तिथेही झरझर जिरते. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातले नाही, आणि घरात हे लक्षण चांगले मानले जात नसे.

"म्हणजे पंधरा वर्षं मी माती उकरत बसले, असं म्हणायचंय तुला."

"तुम्ही नाही. खुरप्यानं."

"खुरपं आपण होऊन चालतं का?"

"आई, ती एवढंच म्हणतेय की..." नवऱ्याने मध्ये पडून पाहिले.

"तू लोकांचे दात काढतोस तेवढं पुरे. इथे काढू नकोस." बाईंनी नजर सुनेवरून हलवली नाही. "तुझ्याकडे आकडा आहे?"

"नाही. पिंजऱ्यातल्या कोपऱ्यात एक कडं ठोकू दिलंत तर..."

"आकडेबाई, आणि आकडा नाही."

बाई उठल्या. पदर सारखा करावा तसा त्यांनी आवाज सारखा केला, आणि उद्या कोणी काय करायचे ते सांगितले. सुनेने कडी उचलायची, पाणी ओतायचे, वेळ मोठ्याने सांगायची. मत कोणी विचारलेच तर बाईंकडे बोट दाखवायचे. पाहुण्यांपुढे नुसत्या अंदाजावर कडे ठोकायला केंद्र म्हणजे काही जत्रेतला खेळ नव्हे.

बाई खोलीतून गेल्यावर नवऱ्याने पिशवी कापली आणि दूध पातेल्यात ओतता ओतता सांगितले, की लहानपणी अंगणातले तण मुळासकट उपटल्याखेरीज त्याला ताट मिळत नसे. मातीत तुटून राहिलेले मूळ आईला दिसले, की दुखरा दात पुन्हा पुन्हा चाचपावा तशी तिची बोटे तिथे जात. मग त्याने विचारले, की उद्या ती गप्प राहिली तर काय होईल.

"पाणी जिरेल. सगळे मान्य करतील. आणि मग टेकड्यांवर एकच स्वस्तातलं गवत लावतील. तिथं कुणी खुरपं घेऊन बसणार नाहीये."

"आणि बोललीस तर?"

"तर आईंचं पंधरा वर्षांचं पाणी गेलं."

"आणि घर?"

"घरात मी आई म्हणेन," ती म्हणाली. "त्या ओ देतील की नाही, ते मला माहीत नाही."

पाहुणे दोघे होते. समन्वयक चाळिशीची, सडपातळ, इतक्या हळू बोलणारी की समोरच्याला श्वास रोखून ऐकावे लागे. आणि ऐकल्यावर कळे की तिने हळूच काहीतरी छाटून टाकले आहे. दुसरा एक वयोवृद्ध मृदाशास्त्रज्ञ. तो आणि बाई या कामाच्या पहिल्या बैठकीपासून एकमेकांना ओळखत आणि तेव्हापासून एकमेकांशी वाद घालत. त्याला सगळे मातीवाला म्हणत, तोंडावरसुद्धा. सर्वांची बोलण्याची भाषा परकीच होती, आणि ज्याने त्याने ती आपापल्या उच्चारांनी वाकवून घेतली होती. समन्वयकाने आल्या आल्या पाण्याची मोजमापे कशी होतात ते विचारले, कडी तपासली, घड्याळ तपासले. निंदणी कशी होते हे मात्र तिने विचारले नाही. ते पहिल्या वर्षीच ठरले होते, आणि ठरलेली गोष्ट पुन्हा कोण विचारतो.

आधी सोळाजाती वाफा. बाईंनी कडे मातीवर ठेवले, तळहाताने दाबले, वरून हातोडीचे दोन हलके ठोके. आकडेबाईने पाणी ओतले. पाणी गिरकी घेऊन खाली गेले. तिने वेळ सांगितली. समन्वयकाने मान हलवली; हे अपेक्षितच होते.

मग सातवा. कडे ठेवले, दाबले, ते लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. आकडेबाईने पाणी ओतले आणि तिला वाटले की आज तरी ते थांबावे, निदान अडखळावे. पण पाण्याला कोणाची भीड नव्हती. तिने वेळ सांगितली तेव्हा तिचाच आवाज तिला परका वाटला.

समन्वयकाने पुन्हा करायला सांगितले. पुन्हा तेच झाले. वाफ्याच्या मध्यभागी करायला सांगितले. तिथेही तेच. ती बराच वेळ ओल्या मातीकडे पाहत राहिली. मग तिने प्रांजळपणे कबूल केले की ती इथे चूक शोधायला आली होती आणि तिला ती सापडलेली नाही. अहवालातले वाक्य बदलावे लागणार असेल तर ते ती स्वतः बदलेल.

बाई जिंकल्या होत्या. निंदणीच्या बायका बांधावर बसून पाहत होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण बाईंचा ताठ कणा कळत होता, आणि मुकादमिणीने शेजारणीला कोपराने ढोसले.

आकडेबाईच्या हातात तिसरे कडे अजून होते. ते कुठे ठोकायचे हे कोणी सांगितले नव्हते. तिच्या पायांनी तिला पिंजऱ्यापाशी नेले आणि तिथे ती खांबासारखी उभी राहिली. बोलायचे तर आता, नाहीतर कधीच नाही. पण सहा वर्षांत तिने या फाटकाच्या आत बाईंच्या शब्दापुढे शब्द ठेवला नव्हता.

इतक्यात मातीवाला सातव्या वाफ्याच्या कडेला गुडघे मोडून बसला. त्याने मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, हुंगली, आणि कौतुकाने बाईंकडे वर पाहिले. म्हणाला, आयुष्यभर गवताळ जमिनी तुडवल्या, पण गवताखाली इतकी मऊ माती पाहिली नाही. हिच्यात तर उद्या पेरणी करावी.

त्याने मनापासून दाद दिली होती. पण आकडेबाई बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होती म्हणून तिला दिसले, की ती दाद बाईंच्या वर्मी बसली आहे. न्याहारीच्या टेबलावर ऐकलेले तेच शब्द, आता पाहुण्याच्या तोंडून, तेही स्तुती म्हणून. बाईंची नजर मातीवाल्याच्या मुठीवरून खाली वाफ्यावर आली, गवताच्या झुबक्यांमधल्या उकरलेल्या मातीवरून सावकाश फिरली, आणि शेवटी पिंजऱ्यापाशी उभ्या असलेल्या सुनेवर येऊन थांबली.

समन्वयकाचेही लक्ष तिकडे गेले. तिने सहज विचारले की त्या जाळीत काय आहे.

"पर्जन्यमापक," बाई म्हणाल्या.

उत्तर पुरेसे होते. खरेही होते. समन्वयकाने मान डोलावली आणि ती इमारतीकडे वळली. आकडेबाईने तोंड उघडले.

पण आवाज आला तो बाईंचा, आणि आला आपल्या भाषेत, जी पाहुण्यांना कळत नव्हती.

"तिथं खुरपं पोचत नाही. तूच म्हणालीस ना?"

"हो."

"मग कडं घेऊन शोभेची उभी काय राहिलीस? झाकण काढ."

आकडेबाईने झाकण उचलले. हातोडी मात्र बाईंनी तिच्या हाती दिली नाही. त्या स्वतः खाली बसल्या. दुखरा गुडघा आधी, मग दुसरा. पाहुणे परत आले होते आणि काही न विचारता उभे होते. बाईंनी कडे ठेवले आणि तळहाताने दाबले. कडे हलले नाही. त्यांनी हातोडी मारली. आजवर या वाफ्यात कडे ठोकताना कधी आला नव्हता असा आवाज आला, उंबऱ्यावर हातोडी पडावी तसा. मातीवाल्याने झटकन मान वर केली. तो एक घाव ऐकूनच त्याला कळले होते. बाईंनाही कळले होते. तरी त्या घाव घालत राहिल्या, कडे खुणेपर्यंत आत जाईपर्यंत, एकसारखे, न घाईने, न थांबता.

"ओत."

आकडेबाईने ओतले. पाणी कड्यात काठोकाठ उभे राहिले. त्यावर गवताचे एक कुसळ तरंगत होते. सगळे त्या कुसळाकडे पाहत होते. ते खाली गेले असते तर पाणी खाली गेले असते. कोणीतरी खाकरले. ओढ्याकडून वारा आला, कुसळ कड्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथेच टेकून राहिले. सोळाजाती वाफ्याला लागली होती ती वेळ केव्हाच उलटून गेली.

"वेळ सांग," बाई म्हणाल्या.

"पाणी हललेलं नाही."

"मी पाणी विचारलं नाही. वेळ सांग."

तिने सांगितली. पुन्हा विचारली, पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फाटला, तेव्हा बाईंनी हात वर करून तिला थांबवले आणि त्या उठल्या. उठताना त्यांनी कोणाचा आधार घेतला नाही. सुनेने पुढे केलेला हात त्यांनी पाहिला नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले.

मग त्या पाहुण्यांच्या भाषेत बोलल्या, नेहमी कामे वाटून द्यायच्या तशाच सुरात. इथे तण कात्रीने कापले जात नाही, खुरप्याने मुळासकट काढले जाते. पहिल्या वर्षापासून. ज्या वाफ्यात जाती कमी तिथे तण अधिक, म्हणून खुरपणी अधिक, म्हणून माती सैल. जे पाणी मुरताना तुम्ही पाहिलेत ते खुरप्याच्या जागी मुरले; गवताच्या जिवावर किती मुरते ते या कड्यात उभे आहे. ही गोष्ट माझ्या सुनेच्या ध्यानात आली, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी तो शब्द सुधारला आणि म्हणाल्या, केंद्राच्या संख्याशास्त्रज्ञाच्या.

समन्वयक अगदी हळू म्हणाली की चारा आणि मधमाश्या यांच्या नोंदी कदाचित वाचवता येतील, पण पाण्याच्या सगळ्याच बाजूला ठेवाव्या लागतील, आणि तिला याचे फार वाईट वाटते. बाईंनी तिला सांगितले की वाईट नंतर वाटून घ्या, आधी लिहून घ्या. कारण अहवालात यायला हवे, आणि पुढच्या केंद्रांना जी पद्धत जाईल तिच्या पहिल्याच पानावर यायला हवे. समन्वयक म्हणाली की जरूर, पण कोणाचा उल्लेख करण्याची गरज नाही. निंदणीच्या रीतीत फरक पडला, एवढे लिहिले की पुरे.

"फरक आपण होऊन पडत नाही," बाई म्हणाल्या. "मी पाडला. तसं लिहा."

मातीवाल्याने मूठ उघडून माती परत वाफ्यात टाकली आणि हात झटकले. त्याने एवढेच विचारले, की आजपासून कात्री धरली तर ही माती पुन्हा घट्ट बसायला किती वर्षे लागतील. बाई उताराकडे पाहत मनातल्या मनात कसलीशी बेरीज करत होत्या, आणि ती बेरीज कशाची आहे हे आकडेबाईला न सांगता कळले. बाईंनी सत्तरी ओलांडली होती.

कार्यालय बंद झाल्यावर दोघी फाटकाकडे निघाल्या. बाई नेहमीप्रमाणे दोन पावले पुढे. फाटक मागे पडले, रस्ता लागला, आणि आकडेबाईने सगळा धीर एकवटून हाक मारली.

"आई."

बाईंनी ओ दिली नाही. त्यांची चाल मंदावली नाही आणि वाढलीही नाही. घरापर्यंत दोन पावलांचे अंतर दोन पावलांचेच राहिले, आणि त्या रात्री जेवताना बोलला तो फक्त दातांचा डॉक्टर, आणि तोही बोलला ते कोणाच्या तरी अक्कलदाढेविषयी.

सकाळी चहा ओतला गेला. दुधाची पिशवी टेबलावर होती आणि नवरा खण उघडून बंद करत होता.

"कात्री कुठाय?"

"केंद्राची होती ती," त्याची आई म्हणाली. "मोजून आल्या होत्या."

"मग पिशवी कशानं कापू?"

शेवटी त्याने पिशवीचा कोपरा दातांत धरला आणि टरकन फाडला. दूध शर्टावर उडाले. हे करू नका म्हणून मी रोज लोकांकडून पैसे घेऊन सांगतो, तो पुटपुटला. आकडेबाईला हसू आले आणि ते तिने कपात लपवले.

"हसून झालं असेल तर सांग," बाई म्हणाल्या. त्या न्याहारीच्या टेबलावर बसल्या होत्या, हातात भाजलेल्या पावाचा तुकडा होता, आणि त्यांचा आवाज केंद्रातला होता. "सातव्या वाफ्यात सगळीकडे एकदम कात्री लावायची, की निम्म्यात खुरपं चालू ठेवायचं? म्हणजे माती कशी बसत जाते ते शेजारी शेजारी दिसेल."

नवऱ्याने वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मग पत्नीकडे. पत्नीने कप खाली ठेवला. निम्म्यात, ती म्हणाली. मात्र निम्मा कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आवडीने नाही. बाईंनी मान हलवली. चिठ्ठ्यांचे भांडे कोठीत होते.

त्या दिवशी निंदणीच्या बायकांना कात्र्या वाटल्या गेल्या, तेलकट कागद सोडवून, एकेक मोजून. मुकादमिणीने आपली उघडमीट करून पाहिली आणि विचारले की बाई, आता आम्ही तणाची हजामत करायची का. बाई म्हणाल्या, हो, आणि डोकं धडावर ठेवायचं. मग त्या स्वतः सातव्या वाफ्याच्या, चिठ्ठीने कात्रीच्या वाट्याला आलेल्या निम्म्यात बसल्या.

आकडेबाई टोपली घेऊन शेजारी बसली. बाई उजव्या हाताने कापत होत्या. पाते जमिनीलगत आडवे, एकच कच्च असा आवाज, रोप टोपलीत. मातीत पांढरट बुडखा तसाच राही. प्रत्येक बुडख्याशी त्या क्षणभर थांबत, आणि त्यांचा डावा हात पुढे येई, दोन बोटे चिमटीसारखी जुळलेली. मग मागे जाई. काही वेळाने त्यांनी तो हात पाठीमागे नेला आणि आपल्याच पदराचे टोक त्यात घट्ट धरून ठेवले.

"आई, मी कापू का थोडं?" सुनेने विचारले, आणि विचारल्यावर तिच्या लक्षात आले की आपण फाटकाच्या आत आहोत.

बाईंची कात्री थांबली.

"अं," त्या म्हणाल्या, मान न वळवता. "तू त्या टोकाकडून ये."